८×४२ दुर्बीण : भिंगऱ्यांसाठी घ्या, पाकोळ्यांसाठी नको

वीज खात्यात वायरमन होतो, म्हणजे मान वर करून तारांकडे बघण्याचाच पगार घेतला. आता रिटायर होऊन ऐरोलीत राहतो आणि त्याच तारांवर बसणारी पाखरं बघतो. पाऊस ओसरायला लागला की सप्टेंबरपासून भिंगऱ्या परततात, खाडीकडच्या तारांवर ओळीनं बसतात. त्या नीट दिसाव्यात एवढ्यासाठी ही दुर्बीण घेतली. किंमत साडेनऊ हजार. "अहो, एवढ्यात माझा मिक्सर आला असता," हा घरचा अभिप्रायही नोंदवून ठेवतो.

दुकानदाराचा जोर १०×५० वर होता. "काका, मोठी घ्या, लांबचं दिसेल." ऐकलं नाही. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहापटीत पाखरू मोठं दिसतं खरं, पण दिसणारा भाग आक्रसतो आणि हाताची थरथरही दहापट होते. भिंगरी उडताउडता चिलटं टिपते, मधेच गिरकी घेते, एका रेषेत जाईल तर शपथ. हिच्यात हजार मीटरवर १२६ मीटर रुंदीचा भाग मावतो, असं खोक्यावर छापलंय. भिंगरी निसटली तरी पुन्हा सापडते, हा माझा अनुभव. शिवाय ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही जाडी. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये ती जेमतेम तीन मिलिमीटर. दिवेलागणीला भिंगऱ्या गोळा होतात तेव्हा हा फरक कळतो.

पैसे वसूल होतात ते तारेवर बसलेल्या भिंगरीवर. माळभिंगरीचं कपाळ आणि गळा विटकरी, त्याखाली काळपट निळा पट्टा. ऑक्टोबरात नीट बघितलं तर काहींची शेपूट आखूड आणि गळा फिका असतो. ती त्याच वर्षीची पिल्लं, हिमालयात नाहीतर त्याच्याही उत्तरेला जन्मलेली. मोठ्या भिंगऱ्या इकडच्या मुक्कामात पिसं बदलतात. मार्चमध्ये, परतीच्या आधी, पुन्हा दुर्बीण लावा. शेपटीची दोन्ही टोकं लांबलेली असतात आणि शेपूट पसरली की पांढरे ठिपके दिसतात. शेजारी कधी तारवाली भिंगरी असते. तिचं डोकं तांबूस, छाती-पोट स्वच्छ पांढरं, पट्टा नाही. शेपटीच्या दोन तारा इतक्या बारीक की दुर्बिणीशिवाय बहुतेकदा दिसतच नाहीत. ती पाहुणी नव्हे, इथलीच. पाण्याजवळ, पुलाखाली किंवा मोरीखाली चिखलाचं घरटं करते.

सगळे विचारतात म्हणून सांगतो, त्यांना शॉक लागत नाही कारण दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांत व्होल्टेजचा फरक जवळपास नसतो, मग अंगातून करंट जाणार कशाला?

पाकोळ्यांसाठी मात्र ही काढूच नका. त्या तारेवर बसतच नाहीत. पाय इवलेसे, बोटं पुढे वळलेली, खडबडीत भिंतीला लटकायच्या कामाची. बाकी सगळा वेळ हवेत. हिचं फोकसचं चाक जवळून लांबवर न्यायला सव्वा फेरा घ्यावा लागतो, तोवर पाकोळी पुढच्या सोसायटीवर. नुसत्या डोळ्यांनी बघा. कोयत्यासारखे पंख, आखूड शेपूट, कमरेवर पांढरा पट्टा. ओळखायला पुरतं.

आता तक्रारी. गळ्यातला पट्टा अगदी भिकार आहे. साडेसहाशे ग्रॅमचं ओझं आणि पट्टा बुटाच्या नाडीएवढा. मी तो काढून जुन्या हत्यारांच्या पिशवीचा रुंद पट्टा लावला. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप पिळून खाली करायचे असतात, त्यातला डावा आपोआप वर येतो. पुढची झाकणं पहिल्याच आठवड्यात सैल झाली. आत नायट्रोजन भरलाय, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. पण एसी खोलीतून थेट गच्चीवर गेलात तर बाहेरून काच धुरकटते. पाच मिनिटं थांबायचं, शर्टानं पुसायचं नाही.

पाचपैकी चार. घ्यायला जाल तेव्हा चष्मा लावूनच जा आणि दुकानाबाहेर येऊन समोरच्या केबलवर नेम धरा. दोन डोळ्यांना दोन केबली दिसल्या तर दुसरा नग काढायला लावा. खोकं फोडायचं म्हणून दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.