कॉमनरेल सांभाळायचं की जुनं डीआय बसवायचं?

द्राक्षाचा हंगाम सरला की तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांत हीच चर्चा असते. हंगामभर ताणलेली गाडी धूर टाकायला लागलेली असते, चेक लाइट कायमचा पेटलेला असतो आणि इंजेक्टरच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या) संचाचा आणि पंपाचा खर्च ऐकून मालक म्हणतो, "यापेक्षा जुनं पंप-नोझलचं इंजिनच टाकतो." आमच्या घरात दोन्ही झालंय. थोरल्या दादांनी त्यांच्या पिकअपला जुनं डीआय, म्हणजे हेच पंप-नोझलचं साधं डिझेल इंजिन, बसवून घेतलं. माझ्या गाडीवर वेळ आली तेव्हा मी आहे तेच कॉमनरेल, म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणारं नवं डिझेल इंजिन, दुरुस्त केलं. दोन्ही गाड्या मीही चालवतो, म्हणून दोन शब्द लिहितोय. ही गोष्ट प्रदूषणाच्या बीएस-फोर नियमातल्या गाड्यांची. त्यानंतरची बीएस-सिक्स असेल तर या वाटेला जाऊच नका.

जुन्या इंजिनाची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. जुनं नोझल साधारण २००-२५० बारला उघडतं. कॉमनरेलमध्ये दाब १६०० बारच्या घरात जातो. एवढ्या दाबाला इंजेक्टरच्या आतली फट इतकी बारीक लागते की डिझेलमधला जरासा कचरा किंवा पाण्याचा अंश त्याला सोसत नाही. आणि आपल्याकडे बागेवरच्या बॅरलमधून, ट्रॅक्टरच्या कॅनमधून डिझेल ओतायची सवय. जुना पंप हे बरंच पचवतो. त्याने रस्त्यात एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा, गाडी चालू. लॅपटॉप नाही, बिघाडाचा कोड नाही. कुंभार्ली घाटात आंब्याच्या पेट्या भरून वर येताना दादांची गाडी दुसऱ्या गिअरला एका लयीत चढते. कॉमनरेलचं एखादं सेन्सर रुसलं की ते ताकदच आवरून घेतं आणि मागच्या एसटीचा हॉर्न ऐकत बसावं लागतं. दादांच्या गाडीला ही भीती नाही, हे मी मनापासून कबूल करतो.

बसवायचं कामही लोक सांगतात तितकं अवघड नाही. आमच्या गाडीचं मूळ इंजिन आणि हे डीआय एकाच घराण्यातलं, दोन्ही २५२३ सीसीचीच. त्यामुळे बेलहाऊसिंग (इंजिन-गिअरबॉक्सचा जोड), माउंटिंग यांच्याशी फार झगडा झाला नाही. दुसऱ्याच कंपनीचं इंजिन असेल तर अडॅप्टर प्लेट आली, क्लच आला, कधी प्रोपेलर शाफ्टची लांबीही आली. ते धाडस मी तरी करणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड, बोअर, क्रँक सगळी कामं होतात, तो प्रश्न नाही. दोन गोष्टी मात्र उभं राहून बघा: ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप नीट ओढतो का आणि पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला ब्रॅकेट-पुली बसली का. "ब्रेक जरा जड लागेल, सवय होईल," असं कुणी म्हणालं तर गाडी ताब्यात घेऊ नका.

ॲव्हरेजवर मी फार बोलणार नाही. मला कॉमनरेल थोडं पुढे वाटतं, दादांना वाटत नाही. भरती, रस्ता आणि ड्रायव्हरचा पाय यांतच तो फरक विरून जातो.

माझं मन फिरलं ते वायरिंगपाशी. कॉमनरेलच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसते, पेडलखाली सेन्सर असतं. डीआयला केबल लागते, म्हणजे पेडलपासून पंपापर्यंत नवा जुगाड. किल्ली बंद केली की इंजिन बंद व्हायला हवं, तर पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडला (इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याला) वेगळी वायर. टेंपरेचरचा काटा, आरपीएमचा काटा हे सगळं ईसीयूमार्फत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमार्फत, चालायचं. ईसीयू गेला की काटे मेले. मग दादांच्या डॅशबोर्डखाली बाजारातलं गोल टेंपरेचर मीटर लागलं, एक टॉगल स्विच लागला आणि स्टॉपची वायर कधी सैल झालीच तर म्हणून सायकलच्या ब्रेकसारखी हाताने ओढायची केबल. इलेक्ट्रिशियनने काम वाईट केलं नव्हतं. पण त्याने ते डोक्यात ठेवून केलं, कागदावर काहीच नाही.

दादा स्वतः चालवतात तोवर सगळं ठीक. हंगामात ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर काही एकच राहत नाही. मग वाशी मार्केटमधून पहाटे दादांना ड्रायव्हरचा फोन: "अण्णा, गाडी बंद हुईना झालीया." त्याला सांगायचं, सीटच्या डाव्या अंगाला केबल आहे, ती ओढ. कधी टॉगल खाली करायचा राहतो आणि बॅटरी उतरते. कधी तो जुना मेलेला काटा बघून निवांत असतो आणि खरं मीटर खाली तापलेलं असतं. दादा जेवणावरून उठून फोनवर गाडी चालवतात म्हणा ना. लग्नकार्यात असले तरी तेच.

त्याहून त्रासाची गोष्ट पुढची. जुन्या इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण काय, तर कुठलाही मिस्त्री ते दुरुस्त करतो. पण रस्त्यावरच्या मिस्त्रीने या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिन त्याच्या ओळखीचं आणि वायरिंग परक्याचं. नव्या गाडीचं वायरिंग जुन्या इंजिनाला जोडलेलं, मध्ये काळी टेप. तो दादांना फोन लावतो, दादा इलेक्ट्रिशियनला लावतात, आणि इलेक्ट्रिशियन विट्याला दुसऱ्या कामावर. म्हणजे ज्या गुणासाठी इंजिन बदललं, तो गुण बांधावर जपला आणि हायवेवर हरवला. माझी गाडी वर्षातले बरेच महिने दुसऱ्याच्या हातात असते. मला एवढंच पुरे झालं.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यावर बोट ठेवलं. २०१९ च्याच दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. त्याच प्रकारचं इंजिन, बिलासह, आरटीओची परवानगी घेऊन नंबर आरसीवर चढवून घेणं वेगळं आणि हे वेगळं. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं. पीयूसीलाही गाडी बीएस-फोर म्हणूनच मोजतात: धुराची मर्यादा १.६२, जुन्या गाड्यांना मिळते ती २.४५ नव्हे. जुन्या पंपाला ते जमवणं कठीण जातं. आणि अपघातात सर्व्हेअरने इंजिन नंबर ताडून बघितला तर विम्याचं काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कॉमनरेलचंही सगळं गोड नाही. स्कॅनरवाल्याची वाट बघावी लागते, तो कोड पुसून जातो आणि कोड परत येतो. मी संच बदलायच्या आधी रिटर्न, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल, बघायला लावला. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून पाण्याच्या चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांत डिझेल जेमतेम तळाला, चौथी भराभर चढत होती. म्हणजे दोष एकाचा होता, बिल चौघांचं मिळणार होतं. हे करायला लॅपटॉपही लागत नाही. तेव्हापासून फिल्टर वेळेवर, त्यातलं पाणी सोडणं नेमाने, आणि बॅरलचं डिझेल फक्त ट्रॅक्टरला. गाडी अजून तरी तक्रार करत नाही.

गाडी कायम तुमच्याच हातात राहणार असेल, तालुक्याबाहेर जात नसेल, तर डीआयचं आकर्षण मी समजू शकतो. तरी आरटीओत आधी विचारा. "सगळेच करतात" हे उत्तर तिथे चालत नाही. आणि अशी बदललेली गाडी कुणी विकत देत असेल तर पैसे द्यायच्या आधी दोन कागद मागा: इंजिन नंबर चढवलेलं आरसी आणि वायरिंगची रंगानिशी लिहिलेली यादी, त्यात सगळ्यात वर स्टॉपची वायर.