काँगो टेट्रा घ्यावा की क्रिबेन्सिस?

दोन फुटी टाकी घेतलीय, नदीतलेच आफ्रिकन मासे हवेत, पण या दोघांत कोणता ते ठरत नाही, असं एका मित्राने विचारलं. दुकानदार दोन्ही 'सोपे' म्हणून विकतो. ते सोडून द्या.

जागेवरच निम्मं ठरतं. काँगो टेट्रा काँगो नदीच्या खोऱ्यातला, थव्याने राहणारा. नर 8 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. किमान 6 मासे आणि चार फुटी टाकी हवीच. एकटा ठेवला की कोपऱ्यात दबून बसतो, रंगही खुलत नाही. साहजिकच खर्चही जास्त. क्रिबेन्सिसची जोडी दोन फुटीत छान राहते.

पाणी 24 ते 27 अंश दोघांनाही चालतं. टेट्राला मात्र मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी मानवतं, बोअरवेलचं जड पाणी नको. दक्षिण नायजेरियातला क्रिबेन्सिस त्या मानाने सोशिक.

स्वभावाने टेट्रा गरीब. पण अंडी विखरून टाकतो आणि सापडली तर खातोही. क्रिबेन्सिसचा संसार बघण्यासारखा! तळाशी करवंटी पालथी घाला, कडेला छोटं दार ठेवा. मादीचं पोट लालभडक होतं, ती आत छताला अंडी चिकटवते, पंखांनी वारा घालते. नर बाहेर पहारा देतो. तेव्हा तळाशी फिरणाऱ्या इतर माशांची खैर नसते.

म्हणून दोन फुटी टाकीवाल्याने, पिल्लं वाढताना बघायची हौस असेल तर, क्रिबेन्सिसच घ्यावा. दिवाणखान्यात मोठी टाकी, भरपूर झाडं आणि झळाळता थवा हवा असेल तर टेट्रा.