एका गोळीची किंमत : कॉन्ट्रा, आयजीआय की मॉडर्न वॉरफेअर?

जुन्या लढाऊ व्हिडिओ गेमपैकी एखादा आज नव्याने खेळायला घ्यायचा असेल, तर त्यातली चित्रे किती सुबक आहेत यापेक्षा शत्रूची गोळी लागल्यावर खेळणाऱ्याचे नेमके काय जाते, हे आधी पाहावे. कॉन्ट्रा, प्रोजेक्ट आयजीआय आणि कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर या तिघांचा स्वभाव त्यावरूनच कळतो.

कोनामी कंपनीचा कॉन्ट्रा १९८७ मध्ये आर्केड यंत्रांवर, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला आणि पुढच्या वर्षी निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर. आपल्याकडे बहुतेकांना तो भेटला टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर, अनेक गेम ठासून भरलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटमधून. येथे एक गोळी म्हणजे एक लाइफ, म्हणजे खेळण्याची एक संधी, आणि लाइफ मोजून तीन. शिवाय ‘एस’ अक्षराची पसरट मारा करणारी बंदूक हाती असेल, तर तीही त्याच क्षणी जाते. तीनऐवजी तीस लाइफ देणारा प्रसिद्ध चीट कोड (बटणे ठराविक क्रमाने दाबायची युक्ती) आहेच, पण तो वापरण्यात कमीपणा मानू नये. लेव्हल आठच असल्याने सरावलेला खेळाडू अर्ध्या तासात शेवट गाठतो. खरी मजा दोघांनी खेळण्यात आहे. धबधब्याच्या लेव्हलमध्ये एकाने घाईने वर उड्या मारल्या, की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला जोडीदार शत्रूने हात न लावताच मरतो. त्यावरून होणारी भांडणे हा या गेमचाच भाग समजावा.

डिसेंबर २००० मधला प्रोजेक्ट आयजीआय नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केला. त्यांनी आधी लढाऊ विमानाचा गेम बनवला होता आणि त्याचेच तंत्र येथे वापरल्यामुळे डोंगर, कुंपणे, टेहळणीचे मनोरे असा लांबवर पसरलेला मुलूख एका नजरेत दिसतो. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये तासाचे पैसे भरून हा गेम खेळलेली एक अख्खी पिढी आहे. यात गेमचा नायक डेव्हिड जोन्स एकटा शत्रूच्या तळात शिरतो. दुर्बीण लावायची, उपग्रहाच्या नकाशावर पहारेकऱ्यांच्या फेऱ्या पाहायच्या, कॅमेरे बंद करायचे आणि मगच पाऊल टाकायचे, अशी याची चाल आहे. एकूण १४ मिशन आहेत आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची, म्हणजे झालेला खेळ जपून ठेवण्याची सोय मुळीच नाही. म्हणजे अर्धा तास सरपटत शेवटच्या दारापाशी पोहोचावे, भोंगा वाजावा, मागून कोणी गोळी घालावी आणि सगळे पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरू व्हावे. पहारेकऱ्यांची बुद्धी बेताचीच आहे, एकत्र खेळण्याची सोय नाही, तरीही दबा धरून बसल्याची जी धाकधूक हा गेम देतो, ती मला पुढच्या काळातल्या कितीतरी महागड्या गेममध्ये मिळाली नाही. २००३ मधल्या दुसऱ्या भागात मोजके सेव्ह आले आणि ती धार थोडी बोथट झाली, असे माझे मत आहे.

इन्फिनिटी वॉर्डचा मॉडर्न वॉरफेअर २००७ चा. यात गोळ्या लागल्या तरी आडोशाला काही क्षण थांबले की प्रकृती आपोआप सुधारते, आणि मेलेच तर थोडेच मागून सुरुवात होते. ही सवलत कथा अडू नये म्हणून आहे, आणि कथा खरोखर त्या तोलाची आहे. चेर्नोबिलजवळच्या ओसाड प्रिप्यात शहराबाहेर गवतात पालथे पडून राहायचे आणि शत्रूची चिलखती वाहने अगदी जवळून जाऊ द्यायची, हा प्रसंग ते पटायला पुरेसा आहे. मात्र हा गेम प्रौढांसाठीचा आहे. लहान मुलांसमोर लावू नये.

घरातल्या मुलाबरोबर बसायचे असेल तर कॉन्ट्रा घ्यावा. २०१९ च्या अधिकृत संग्रहात तो आजच्या यंत्रांवर मिळतो. दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या असतील तर मॉडर्न वॉरफेअर पुरे. आयजीआय मात्र ज्याला हरण्याचा राग येत नाही त्यानेच घ्यावा, आणि पहिल्या दिवशी पहिले मिशन पार पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.