क्लच की गिअरबॉक्स? जुना ट्रॅक्टर खोलण्याआधी

साखर कारखान्याची मोळी पडायला पंधरा दिवस राहिलेत आणि ट्रॅक्टर रिव्हर्सला टाकताना ‘खर्रर्र’ करतोय. मिस्त्री लांबूनच ऐकतो आणि म्हणतो, “गिअरबॉक्स गेलाय, खोलावा लागेल.” दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलत्यांना नेमकं हेच ऐकायला मिळालं होतं. बॉक्स खोलला नाही. क्लचच्या पेडलपासून निघणारी सळई जिथे पिनेनं जोडलेली असते, तिथलं भोक झिजून लांबट झालं होतं. पेडल तळाला टेकायचं, पण त्यातली अर्धी हालचाल त्या भोकातच मुरायची. लेथवर भोकात बुश बसवून घेतला, नवी पिन टाकली आणि खरखर थांबली.

म्हणून माझं मत पहिल्यांदाच सांगतो: गिअर पडत नसेल किंवा टाकताना खरखरत असेल तर संशय आधी क्लचवर घ्या, एरवीही आवाज येत असेल तर गिअरबॉक्सवर. ‘पडत नाही’ आणि ‘वाजतो’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि गॅरेजमध्ये त्या एकाच वाक्यात सांगितल्या की खोलायची पाळी येते.

त्याआधी, तक्रार खरी आहे का तेही बघा. जुन्या मॅसी १०३५ सारख्या ट्रॅक्टरचा बॉक्स स्लायडिंग मेशचा असतो. त्यात अख्खा गिअर सरकून दुसऱ्याच्या दातांत जातो, आणि दात सरळ असतात. असा बॉक्स थोडा रडणारच, आणि चालत्या गाडीत गिअर बदलला तर खरखरणारच. कॉन्स्टंट मेशमध्ये दात कायम एकमेकांत असतात, त्यामुळे गिअर सोपा पडतो, पण तोही कारसारखा चालता चालता बदलायचा नसतो. पोरगं नवीन बसलं असेल तर दोष त्याच्या हाताचाही असू शकतो. जुन्या ड्रायव्हरला एकच विचारा: “आवाज बदललाय का?” आवाज आधीपासून आहे यात फार काही नाही, बदलला असेल तर आहे.

आता गिअर न पडण्याचं बघू. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. दातावर दात आला तर ट्रॅक्टर हातानं थोडा पुढे-मागे ढकला. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर खरखरत असतील, तर काटा (गिअर सरकवणारा), सिलेक्टर (काट्याला हलवणारी दांडी), लिव्हर ठीक आहेत. क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन बॉक्सपासून वेगळं होत नाही. उलट बंद इंजिनवरही लिव्हर अडत असेल, तर क्लचला हात लावू नका. दोष वरच्या झाकणात आहे: काटा वाकलाय, लिव्हरचा खालचा गोळा झिजलाय, नाहीतर दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून असलेली खुंटी अडकलीय.

क्लच सुटत नाही असं ठरलं तरी लगेच क्लच प्लेट गेली असं नाही. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. थांबल्यावर गुपचूप पडला तर क्लच थोडाच ओढतोय. फ्री प्ले बघा. बहुतेक ट्रॅक्टरवर पेडलला इंचभराची मोकळी हालचाल असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. ती जास्त झाली की क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचच्या बोटांना, म्हणजे फिंगरना, ढकलणारं) सतत फिरत राहून लवकर जातं. थांबूनही खरखर तशीच असेल, तर आत काहीतरी धरून ठेवतंय. फिंगर वर-खाली झालेत, प्लेट वाकलीय किंवा शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकलीय. पावसाळाभर शेडबाहेर उभा राहिलेल्या, नाहीतर भातात चिखलणीला घातलेल्या ट्रॅक्टरवर हे हमखास होतं. अजून एक चोर आहे, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) मधोमध बसलेलं छोटं पायलट बेअरिंग. ते जाम झालं की क्लच कितीही चांगला असला तरी शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो.

आवाजाचा खेळ सगळा पायाचा आहे. ट्रॅक्टर न्यूट्रलला, इंजिन मंद. पेडलवरून पाय काढल्यावर घरघर येतेय आणि पेडल दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत विरतेय? मग ती गिअरबॉक्सची, बहुतेक वरच्या (क्लचकडून येणाऱ्या) शाफ्टच्या किंवा खालच्या ले शाफ्टच्या बेअरिंगची. पाय काढल्यावर शांत आणि पेडलला नुसता पाय टेकवला की ‘चीं’ सुरू? रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून, गिअर टाकून उभं राहिल्यावरच वाजतंय? पायलट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगवर, बेअरिंग असेल तिथे टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. चांगलं बेअरिंग एकसारखं सळसळतं. गेलेलं खडे दळल्यासारखं ऐकू येतं. पंखा आणि मागची अवजारं फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टपासून उपरणं, बाही लांब ठेवा.

एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर दोष त्या जोडीचा. सगळ्या गिअरमध्ये, फक्त चालताना आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर मागे बघा. ज्या ट्रॅक्टरला हाय-लोची (जास्त-कमी वेगाची) वेगळी लिव्हर आहे आणि तिला न्यूट्रल आहे, तिथे मला आवडणारी चाचणी अशी: हाय-लो न्यूट्रलला ठेवून मुख्य गिअर एकेक टाका. चाकं उभी, बॉक्स फिरतोय. आवाज आला तर तो बॉक्सचा. नाही आला, पण रस्त्यावर येतो, तर संशय क्राऊन-पिनियन (ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी जोडी) किंवा चाकांकडच्या गिअरवर जातो. फक्त वळताना कडकड होत असेल तर डिफरन्शियलचे, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे, छोटे गिअर.

गिअर सुटून न्यूट्रलला येणं ही वेगळीच गोष्ट, आणि यात दुरुस्ती लांबणीवर टाकायला मी कुणालाही सांगत नाही. दोन ट्रॉल्या ऊस मागे, उतार, आणि गिअर सुटला तर इंजिनचा धर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. नशीब चांगलं असेल तर गिअर जागेवर धरून ठेवणारी नुसती गोळी-स्प्रिंग मऊ झालेली असते. झाकण काढून ती स्वस्तात बदलते. नाहीतर काटा झिजलेला असतो, किंवा दातांची टोकं निमुळती झालेली असतात आणि ओढ लागली की गिअर स्वतःच मागे सरकतो. काट्यावर पितळ चढवून देणारे कारागीर गावोगाव आहेत. हंगाम निघतो त्यानं, पण पुढे नवा काटा टाकाच. दातावर वेल्डिंग मात्र कुणी सुचवलं तर नमस्कार करून निघा.

खोलायचं की नाही, याचा शेवटचा कौल ऑइलनं द्यावा. चालवून गरम झालेल्या ट्रॅक्टरचं ऑइल स्वच्छ घमेल्यात काढा, चुंबक फिरवा, चिमटीत चोळा. चुंबकावर राखाडी लापशी आली तर ती वयाची झीज. टोचणारे कण, पत्र्याच्या खपल्या किंवा दाताचा तुकडा मिळाला तर ट्रॅक्टर तिथेच उभा करा. चुंबकाला न चिकटणारे पिवळे कण बुश आणि वॉशरचे. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून; ऑइल बदला, रबर बदला, आणि मग पुन्हा ऐका. ऑइल भरताना सरसकट ९० नंबरचं गिअर ऑइल ओतू नका. बॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक एकाच टाकीवर असतील तर पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल लागतं.

क्लचचं काम आणि गिअरबॉक्सचं काम यांत निवड करताना एक लक्षात घ्या. क्लचसाठी इंजिन आणि हाऊसिंग वेगळं करावंच लागतं, त्याची मजुरी एकदाच द्यायची. त्यामुळे प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि पुढचं ऑइल सील बदलून घेणं शहाणपणाचं. दीड वर्षानं एका सीलसाठी परत ट्रॅक्टर खोलणं परवडत नाही. पण ‘आता खोललाच आहे तर’ म्हणत बॉक्सही उलगडू नका. बऱ्याच ट्रॅक्टरला वरचं झाकण काढलं की टॉर्चच्या उजेडात दात आणि काटे दिसतात.

बॉक्सच करायचा ठरला तर नवा माल की जुन्या बाजारातला? चालू मॉडेलला मी नवाच घेईन. एचएमटीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद झाला, तसल्या ट्रॅक्टरला मात्र भंगारातून चांगला निघालेला अख्खा बॉक्स कधी कधी बरा पडतो. सुटा गिअर घेत असाल तर त्याचा जोडीदारही बदला, झिजलेल्या दातांत नवे दात बसत नाहीत. क्राऊन आणि पिनियन तर सेटमध्येच घ्या. दोन्हींवर जुळणारा नंबर कोरलेला आहे का, ते दुकानातच फडक्यानं पुसून बघा.