टेबलटॉप एसईएम, अकरा महिने आणि उद्यमबागेतले 22 रुपयांचे स्टब

गेल्या मंगळवारी आमच्या टेबलटॉप एसईएमचं, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं, फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी टंगस्टनची तार) गेलं. तिसरं. बाहेर बेळगावचा पाऊस, करंट येतोय-जातोय, आणि आमच्या पीएचडीच्या मुलीचं करक्युमिनच्या (हळदीतलं द्रव्य) नॅनोकणांचं सॅम्पल चेंबरमध्ये तसंच. चिडून लिहायला बसलोय, एवढं ध्यानात ठेवूनच वाचा.

मशीन घ्यायच्या आधी सॅम्पल धारवाडला नाहीतर कोल्हापूरला न्यायचो. नंबर लागेपर्यंत पावडरीच्या गुठळ्या व्हायच्या. तोवर सगळा विश्वास डीएलएसवर, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या कणांवर लेसर टाकून त्यांचं माप काढणाऱ्या यंत्रावर. पण डीएलएस कण मोजतं ते त्याच्या पाण्याच्या वेष्टनासकट, आणि विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो, म्हणजे चार गठ्ठे असले तरी सरासरी तेच ओढून नेतात. डीएलएसनं 180 नॅनोमीटर सांगून नापास केलेली बॅच इथं बघितली तर गोळे 140 चे, छान गोल, मधे थोडे गठ्ठे. बॅच वाचली. अर्थात बघण्याआधी कणांवर चढवलेला सोन्याचा थर 10 नॅनोमीटर धरला तर व्यासात 20 त्याचेच, ते वजा करायचे. आणि कण पीएलजीए या पॉलिमरचे असतील तर 15 केव्हीचा (किलोव्होल्ट) बीम विसरा. हे पॉलिमर 45-50 अंशांलाच मऊ पडतं, बघता बघता गोळ्यांची खीर होते. 5 वर या. पावडर सुकवताना घातलेलं मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) धुतलं नसेल तर कण दिसतच नाहीत, नुसती चादर. लायपोसोमसाठी (चरबीचे सूक्ष्म फुगे) हे मशीन नव्हेच, तिथं सॅम्पल गोठवून बघणारं क्रायो-टीईएम लागतं.

आता स्टब. सॅम्पल ज्यावर चिकटवून मशीनमध्ये ठेवतात ती साडेबारा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची चकती, खाली छोटी दांडी. कंपनीचा दर नगाला 160, वर जीएसटी, वर कुरिअर. ज्या गावात उद्यमबागेची अख्खी औद्योगिक वसाहत लेथवर चालते, तिथं हे पैसे द्यायचे? नमुना घेऊन तिथल्या एका लेथवाल्या मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्रींनी उलटासुलटा करून बघितला, "हे काय ओ सर, भिंगरी?" चार दिवसांत 50 नग, 22 रुपयांना एक. माप असं की होल्डरमध्ये टक्कन बसला. त्या आठवड्यात मी भेटेल त्याला स्टब दाखवत होतो.

पहिलं फिलामेंट 31 तासांत गेलं, दुसरं 34. सर्व्हिसचा माणूस हुबळीहून आला, स्टब चिमट्यात धरला आणि म्हणाला, "लोकल पार्ट. वॉरंटी आगल्ल सर." म्हणजे वॉरंटी मिळणार नाही. तीन आठवडे ईमेलवर भांडलो. दोन फिलामेंटचे पैसे शेवटी आम्हीच भरले. स्टबवर वाचवलेले सगळे त्यात गेले, वर पदरचे घातले.

मग एक दिवस त्या पीएचडीच्या मुलीनं दाखवलं. झूम करून थोडा वेळ स्कॅन केलं, झूम कमी केलं, तर स्कॅन झालेल्या जागी काळा चौकोन. ती तेलाची वाफ, बीमनं तिथंच जाळून बसवलेली. मेस्त्रींच्या कटिंग ऑइलची. म्हणजे माझ्याच 22 रुपयांनी व्हॅक्यूम खराब केलं होतं, आणि खराब व्हॅक्यूममध्ये फिलामेंट लवकर मरतं. तेव्हापासून प्रत्येक स्टब आधी ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), दोन्ही सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र), आणि शेवटी ओव्हन. चौकोन गेला.

इथपर्यंत लिहून तिसऱ्या फिलामेंटच्या नावानं शिव्या घालायला लॉगबुक काढलं, तर तास 96. टंगस्टन शंभराच्या आसपास जातंच. म्हणजे ते म्हातारपणानं गेलं, आणि मी मंगळवारपासून उगाच मशीनवर राग काढतोय. कंपनीवरचा राग मात्र कायम आहे. "स्टब धुऊन वापरा" एवढं एक वाक्य त्या माणसाला बोलता आलं असतं की.

आणखी 50 सांगून आलोय. मेस्त्रींना म्हटलं, शेवटचा कट कोरडा मारा, तेल नको. म्हणाले, "कोरडा मारला तर ॲल्युमिनियम टूलला चिकटतंय ओ. बरं, रॉकेल लावतो."

ॲसिटोनचा कॅन गाडीत ठेवलाय.