बाणाची पिसं किती तिरपी लावावीत: फ्लेचिंग जिग उन्हाळा-पावसाळाभर वापरल्यानंतर

सामान असं: एका क्लॅम्पचा धातूचा फ्लेचिंग जिग, म्हणजे बाणाला पिसं चिकटवताना ती ठरल्या कोनात धरून ठेवणारा साचा, त्यासोबत पीस पकडणारे एक सरळ आणि एक उजव्या पिळाचा म्हणजे राइट हेलिकल क्लॅम्प. टर्कीची उजव्या पंखाची पिसं, ४ आणि ५ इंची. बाणाच्या काड्या दोन प्रकारच्या, ११/३२ इंची लाकडी आणि सातपुड्यातल्या मानवेल बांबूच्या. धनुष्य ४० पाउंड ओढीचा लाँगबो (लांब साधं धनुष्य), बाण थेट शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या टेकणीवरून सुटणारा. अंतर १५ ते ३० मीटर. जळगाव-धुळ्याकडच्या हवेत हे सगळं कसं वागलं ते लिहितो.

जिग चांगला आहे, पैसे वसूल. पण कोनाच्या आकड्याला लोक नको तेवढं महत्त्व देतात. सरळ क्लॅम्पवर किती अंश लावायचे हे बाणाच्या उड्डाणाआधी काडीची जाडी ठरवते.

५ इंची पीस १ अंश तिरपं लावलं तर त्याचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा २.२ मिमी बाजूला सरकतं. २ अंशांना ४.४ आणि ३ अंशांना ६.७ मिमी. ११/३२ काडीचा व्यासच ८.७ मिमी. सरळ क्लॅम्पमध्ये पिसाचा दांडा सरळच राहतो, काडी मात्र गोल. मग मधे दांडा टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात: १ अंशाला जेमतेम ०.१५ मिमी, २ अंशांना ०.६, आणि ३ अंशांना चक्क दीड मिमी. एवढी फट गोंदाने भरली की दिसायला पीस बसलेलं दिसतं, पण पुढचं टोक हमखास उचकटतं. शेल्फवरून बाण सोडताना काडी हाताला लागून जाते; उचकटलेला दांडा सुईसारखा बोटाच्या मुळाशी घुसतो. म्हणून सरळ क्लॅम्पवर ५ इंची पिसाला २ अंश ही हद्द समजावी, दीड उत्तम. ४ इंची पिसाला ३ अंशांवरही फट ०.९ मिमीच पडते, तरी तिथेही २ वरच थांबणं बरं. त्यापेक्षा जास्त फिरकी हवी असेल तर हेलिकल क्लॅम्पच वापरावा. तो दांड्यालाच काडीभोवती पीळ देतो, त्यामुळे पीस टोकापासून टोकापर्यंत टेकतं.

जिगवरच्या खुणांवर विसंबू नये. नॉकपासून, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकापासून, काडीवर पेन्सिलने सरळ रेघ मारा, पिसाचं मागचं टोक रेघेवर ठेवा आणि पुढचं टोक किती मिमी सरकलं ते पट्टीने मोजा. नॉककडून पाहताना उजव्या पंखाच्या पिसाचं पुढचं टोक उजवीकडेच सरकलं पाहिजे. उलट लावलं तर पिसाचा नैसर्गिक बाक एकीकडे आणि कोन दुसरीकडे ओढतो, बाण धड फिरत नाही. एका बाणावर दोन पंखांची पिसं मिसळणं तर अजिबात नको. सुटी पिसं घेतली असतील तर दोन शेजारी धरून बाक बघा. आरशातल्यासारखा उलटा दिसला तर ती वेगळ्या पंखांची. उजव्या हाताच्या तिरंदाजाला उजवाच पंख लागतो हा गैरसमज आहे, कुठलाही चालतो.

आता फरक. १५ मीटरवर १ अंशाचा बाण हात स्वच्छ सुटला तर ठीक जातो. सुटका जरा बिघडली की शेपूट हलवत जातो. हेलिकल तीच चूक लवकर सावरतं, कारण पीस जास्त हवा अडवतं. त्याची किंमत ३० मीटरला कळते: बाण खाली पडतो, आवाज वाढतो आणि आडव्या वाऱ्यात जास्त वाहतो. साक्रीच्या बाजूला, जिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथे ५ इंची हेलिकलपेक्षा ४ इंची हेलिकल सरस. माझा कल त्याच जोडीकडे आहे.

मात्र कोनाने स्पाइनची, म्हणजे काडीच्या ताठपणाची चूक झाकू नये. आधी एक काडी बिनपिसाची मारून बघा, १० मीटरवरून. उजव्या हाताच्या तिरंदाजाची बिनपिसाची काडी पिसवाल्यांच्या उजवीकडे लागली तर काडी मऊ, डावीकडे लागली तर ताठ. खाली लागली तर दोरीवरचा नॉक पॉइंट (बाण अडकवायची जागा) बहुधा वर आहे. हे जुळल्यावरच जिगला हात लावावा. शेल्फवर टाल्कम पावडर भुरभुरली की पीस कुठे घासतं तेही दिसतं. तीनपैकी वेगळ्या रंगाचं, खुणेचं पीस नॉकच्या खाचेला काटकोनात, धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला हवं. नॉकच्या खाचेपासून पीस साधारण एक इंच पुढे, म्हणजे बोटं लागत नाहीत.

गोंदाचं वेळापत्रक इथे ऋतूप्रमाणे बदलतं. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो. क्लॅम्प घाईने काढला की पीस सोबत येतं. फ्लेचिंग सिमेंटला १५ मिनिटं द्यावीत, पण काडीच्या वार्निशशी त्याचं पटतं का ते आधी टाकाऊ तुकड्यावर बघावं, काही वार्निश विरघळतं. दुहेरी चिकटपट्टी भुसावळच्या ४४-४५ अंशांत बंद गाडीत ठेवली तर सरकते. इथे ती घेऊच नये. गोंदाआधी ३२० च्या पॉलिश पेपरने पिसाची जागा हलकी घासून स्पिरिटने पुसावी. क्लॅम्पच्या ओठांवर साचलेला गोंद दर पाच-सहा बाणांनी साफ केला नाही तर कोन आपोआप बदलतो, हा या जिगचा एकमेव त्रास.

बांबूच्या काडीला जिग तसा परका. पेर फुगीर असतं. पिसाच्या जागेत आलं तर ते तासून सपाट करावं, नाहीतर हेलिकलसुद्धा टेकत नाही. काडी निमुळती असेल तर नॉककडच्या टोकाचा व्यास धरून फट मोजा, कारण बारीक काडीवर ती वाढते. पुढच्या टोकाचा दांडा ब्लेडने उतरता करून त्यावर गोंदाचा एक थेंब आणि दोऱ्याचे सात-आठ वेढे घाला. सातपुड्यातले भिल्ल-पावरा कारागीर पीस दोऱ्यानेच बांधतात आणि ती पद्धत गोंदापेक्षा भरवशाची आहे.

पावसात टर्कीचं पीस भिजून आडवं पडतं. तेव्हा कोन किती होता याला अर्थ उरत नाही, म्हणून भात्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी. दबलेलं पीस किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरलं की उभं राहतं. शिल्लक पिसं डांबर गोळ्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, कसर लागली की कडा कुरतडल्या जातात आणि तीन पिसांची हवा अडवण्याची ताकद सारखी राहत नाही.