ब्रेक लाइट फक्त व्हिडिओत लागतो: आरसी बॉडीच्या लायटिंगमधली फसवणूक

आरसी (रिमोट कंट्रोलच्या) गाडीच्या बॉडीला, म्हणजे वरच्या कवचाला, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट असे ‘खरोखर चालणारे’ दिवे बसवून देतो म्हणून एक जण बॉडी मागवून घेतो, पैसे घेतो आणि नुसती रोषणाई करून परत पाठवतो. मी त्यात साडेचार हजार रुपये घातले. माझ्यासारखेच आणखी काही जण आहेत, आणि त्यातल्या काहींच्या बॉडी आजही त्याच्याकडेच आहेत. म्हणून हे सगळं तपशीलवार लिहितो आहे. पैशांपेक्षा मोठा धोका बॅटरीचा आहे. तो पुढे येईलच.

माझी गाडी टामियाची टीटी-०२, म्हणजे १/१० मापाची. वरची रॅली बॉडी लेक्सानची, म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची, माझ्या भाचीने रंगवलेली. लेक्सानची बॉडी आतल्या बाजूने रंगवतात. खिडक्या आणि हेडलाइटच्या काचा मास्किंग करून झाकायच्या, गडद रंग आधी, फिका नंतर, प्रत्येक हात पातळ. एकदा चुकलं की खोडता येत नाही. बारावीची परीक्षा संपल्यावर तिने सुट्टीतला बराचसा वेळ त्या बॉडीवर घालवला होता. गाडी रात्री अंगणात धावावी, वळताना इंडिकेटर लागावा, ब्रेक मारला की मागे लाल व्हावं, अशी तिची इच्छा होती.

हे काम नीट करता येतं. गाडीतल्या रिसीव्हरकडून स्टिअरिंगच्या सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटी पल्स जाते. ती दीड मिलिसेकंदाची असली की मधली स्थिती. एक किंवा दोन मिलिसेकंदांकडे सरकली की डावं-उजवं किंवा पुढे-मागे. लाइट कंट्रोलर ही पल्स वाचतो. थ्रॉटल पुढून मध्य ओलांडून मागे आला की तो ब्रेक समजतो, मध्यावर येऊन पुन्हा मागे गेला की रिव्हर्स. त्यासाठी कंट्रोलरच्या वायरी वाय-लीड (एका जोडणीच्या दोन करणारी वायर) लावून रिसीव्हरच्या पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलमध्ये घालाव्या लागतात. या वायरींशिवाय ब्रेक कधी मारला हे अशा कंट्रोलरला कळत नाही. फसवणूक नेमकी इथेच होते.

हा माणूस मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आरसीवाल्यांच्या एका ग्रुपवर भेटला. बोलणं गोड. “दादा, तुम्ही फक्त बॉडी पाठवा, बाकी माझ्यावर सोडा. प्लग अँड प्ले करून देतो.” मी त्याला आधीच्या कामांचे फोटो मागितले, दोन गिऱ्हाइकांशी बोललो, रिसीव्हर कुठला आहे ते लिहून कळवलं. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे काम पूर्ण झाल्याचा व्हिडिओ पाहून, असं ठरलं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव वेगळंच आलं, तेव्हा “ते मिसेसचं खातं आहे” असं उत्तर मिळालं. ज्या दोन गिऱ्हाइकांशी बोललो त्यांतला एक त्याचा भाऊ निघाला, हे मला खूप नंतर कळलं.

व्हिडिओ आला तेव्हा घरात सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. आमचीच बॉडी, भाचीने काढलेले पट्टे स्पष्ट दिसत होते. चाकं डावीकडे वळली, डावा इंडिकेटर लागला. उजवीकडे वळली, उजवा लागला. गाडी थांबली आणि मागे लाल झालं. उरलेले पैसे मी त्याच संध्याकाळी पाठवले.

बॉडी घरी आली, गाडीवर चढवली, आणि चारही इंडिकेटर एकदम सुरू झाले. स्टिअरिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता. पुढचा आणि मागचा दिवा एका ठेक्यातसुद्धा लुकलुकत नव्हता. मागचे लाल दिवे कायम लागलेले, ब्रेक मारा नाहीतर नका मारू. फोन केला तर म्हणाला, “तुमचा रेडिओ जुना आहे दादा, सिग्नल पकडत नाही. आठशेचा अ‍ॅडॉप्टर लागेल.” असा कुठलाही अ‍ॅडॉप्टर नसतो. नव्या-जुन्या रेडिओत लिंक कशीही असो, रिसीव्हरच्या पिनांवर सर्व्होला मिळणारी पल्स तीच असते. नाहीतर माझा सर्व्होच हलला नसता. हे त्याला सांगितल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्या माझ्या मित्राने ती काळी ‘कंट्रोलर’ डबी उघडली. वरची हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) कापली तर आत काहीच नव्हतं. चिप नाही, सर्किट बोर्ड नाही. वजन यावं म्हणून जाड पत्र्याचा तुकडा आणि त्याभोवती हॉट ग्लू. रिसीव्हरकडे जाणाऱ्या दोन लीड होत्या खऱ्या, पण त्यांची सिग्नलची वायर आतमध्ये कापून ग्लूमध्ये नुसती खोचलेली. इंडिकेटर म्हणजे बाजारात सुटे मिळणारे, आपोआप लुकलुकणारे एलईडी. त्यांच्या पोटातच एक बारीक चिप असते आणि प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा असतो, म्हणून ते पुढे-मागे होत होते. व्हिडिओत एकाच बाजूचा इंडिकेटर लागला, कारण त्या वेळी त्याने तेवढीच जोडी जोडली असणार. तो व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. रिमोट कुठल्याच क्षणी चौकटीत नाही, आणि डाव्या-उजव्या वळणाच्या मध्ये एक तुकडा कापून जोडलेला आहे.

एकाही एलईडीला करंट मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर नव्हता. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन ते साडेतीन व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास. रिसीव्हरच्या सहा व्होल्टवर चालवायचे तर प्रत्येकी साधारण २० मिलिअँपियर धरून पांढऱ्याला १५० ओहम, लालला २२० ओहमचा रेझिस्टर लावतात. एक रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा. ते वाचवायला या माणसाने जे केलं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दिव्यांची वायर त्याने लायपोच्या (गाडीच्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या) बॅलन्स सॉकेटमध्ये, म्हणजे चार्ज करताना सगळे सेल समतोल ठेवण्यासाठी असलेल्या जोडणीत, जाईल अशी दिली होती, आणि तीही फक्त पहिल्या सेलवर. म्हणजे २एस (दोन सेलच्या) पॅकच्या ७.४ व्होल्टऐवजी एका सेलचे ३.७ ते ४.२ व्होल्ट दिव्यांना थेट. लाल दिव्यांपैकी दोन पहिल्याच संध्याकाळी गेले. त्याहून वाईट म्हणजे सगळा भार एकट्या सेलवर पडला. बॅटरी फार उतरली की ईएससीचा लो-व्होल्टेज कटऑफ मोटर बंद करतो; बॅलन्स वायरीवरून चालणारे दिवे त्याला माहीतच नसतात. गाडी ठेवून दिली आणि ही वायर काढायची राहिली, तर तो सेल रात्रभर उतरत राहतो. माझ्या पॅकचा एक सेल ३.८ व्होल्टवर होता आणि दुसरा तीनच्याही खाली गेला होता. चार्जरने असमतोल दाखवून चार्ज करायला नकार दिला, म्हणून लक्षात आलं. साध्या चार्जरवर तसाच लावला असता तर काय झालं असतं, ते लायपो पेटताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. ही गाडी घरातली मुलं चालवणार हे त्याला माहीत होतं. मी स्वतः त्याला ते सांगितलं होतं.

बॉडीचंही नुकसान झालं. एलईडी त्याने सुपरग्लूने चिकटवले होते. सुपरग्लूच्या (सायनोअक्रिलेटच्या) वाफा पारदर्शक लेक्सानवर बसल्या की पांढरा धुरकट थर येतो, आणि हा थर आतून, हेडलाइटच्या काचांवर होता. जाणकार माणूस तिथे शू-गू किंवा तसलाच लवचिक गोंद वापरतो. शिवाय आत काळा रंग किंवा फॉइल टेप न लावल्यामुळे उजेड काचेतून न येता बॉनेटच्या पांढऱ्या भागातूनच झिरपत होता. एलईडी काढताना रंगाचे पापुद्रे निघाले. भाची काही बोलली नाही, तिने बॉडी उचलून कपाटात ठेवली. पैसे परत मिळाले तरी तिचं हे काम परत येणार नाही.

यापुढे कोणाकडून लायटिंग करून घेणार असाल तर व्हिडिओ न कापता एका दमात काढलेला मागा, त्यात रिमोट धरलेला हात आणि गाडी दोन्ही दिसले पाहिजेत. त्यात तुम्ही सांगाल तो क्रम करून दाखवायला सांगा: आधी रिव्हर्स, मग ब्रेक, मग स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवणं. व्हिडिओ कॉलवर झालं तर उत्तम. पुढचा आणि मागचा इंडिकेटर अर्धा मिनिट पाहिलात तरी सुटे लुकलुकणारे एलईडी ओळखू येतात. श्रिंक चढवण्यापूर्वीचा सर्किटचा फोटो द्यायला प्रामाणिक कारागिराची हरकत नसते. आपल्याकडे असे चांगले कारागीर आहेत आणि या एका माणसामुळे त्यांच्यावर संशय येतो, याचंही वाईट वाटतं.

तक्रारीचं म्हणाल तर ऑनलाइन पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता असते. माझं पार्सल येईपर्यंत ती वेळ निघून गेली होती. आता ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळतं. चॅट, मूळ व्हिडिओ, पैसे पाठवल्याच्या पावत्या, कुरिअरची पावती आणि उघडलेल्या डबीचे फोटो जपून ठेवा. डबी उघडताना सलग चित्रीकरण करा, म्हणजे तुम्हीच वायर कापली असं म्हणायला त्याला जागा राहणार नाही.

आणि ज्यांना त्याच्याकडून बॉडी परत आली आहे त्यांनी दिव्यांचा प्लग बॅलन्स सॉकेटला जातो का ते आजच बघा. जात असेल तर काढून टाका आणि पॅकचा प्रत्येक सेल वेगळा मोजा. एखादा तीन व्होल्टच्या खाली असेल किंवा पॅक फुगला असेल तर तो चार्जिंगला लावू नका. घराबाहेर, वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा केंद्रात द्या.